कौतिकमामांनी न मोजलेल्या बायका

मेहरूण तलावाच्या बाजूला हिवाळ्यात धूर दिसला की लोक म्हणत, कौतिकची वांगी लागली. कौतिक म्हणजे माझे सख्खे मामा. मूळचे अमळनेरकडचे, पण भरीत करायला म्हणून जळगावात आले आणि इथलेच झाले. कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात हिरवी वांगी भाजायची आणि साल काढून बडगीत, म्हणजे लाकडी खोलगट परातीत, ठेचायची. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ते भरीत म्हणतच नसत. "ते आजारी मानूसनं खानं शे," म्हणायचे आणि मिशीत हसायचे.

माझी आई बेबाबाई ही त्यांची एकुलती एक बहीण. मी दहावीत असताना ती छातीच्या गाठीनं गेली. पुढे माझं सगळं मामांनी केलं. बोहल्यावर मला त्यांनीच आणलं, आणि चाळीसगावला सासरी गेल्यावरही दर हिवाळ्यात त्यांचा भरताचा डबा येत राहिला. इतका जीव लावणारा माणूस, म्हणूनच माझा राग अजून जात नाही.

साठीच्या आसपास मामांना लघवीला जळजळ सुरू झाली. आपल्याकडे याला उन्हाळी लागणं म्हणतात. जाळापाशी बसणाऱ्याला ती लागणारच, असं अख्ख्या गल्लीनं ठरवून टाकलं. मामी रोज धने भिजत घालायची. ताक झालं, सब्जा झाला, आणि यातच दोन हिवाळे निघून गेले. शेवटी त्यांचा मुलगा नवल त्यांना बळेच डॉक्टरांकडे घेऊन गेला. रक्त तपासलं, त्यात प्रोस्टेटचा आकडा वाढलेला निघाला. घरात कुणाला कॅन्सर झाला होता का, असं डॉक्टरांनी विचारलं.

"आमना घरमा कोनलेच नई," मामांनी सांगितलं.

मग डॉक्टरांनी सूजच असावी असं धरलं. ग्रंथीला सूज आली तरी हा आकडा वाढतो, औषध घ्या, दीड महिन्यानं परत तपासू, असं ते म्हणाले. औषधानं जळजळ थांबली आणि नेमका भरताचा मोसम सुरू झाला. आता बरं वाटतंय तर कशाला जायचं, म्हणून मामा गेलेच नाहीत.

पुढच्या वर्षी त्यांची कंबर धरली. दिवसभर वाकून वांगी ठेचणाऱ्याची कंबर दुखणारच, यावरही गल्लीचं एकमत झालं. गल्लीला सगळंच कळत होतं. मग एका सकाळी त्यांना अंथरुणातून उठताच येईना. मोठ्या दवाखान्यात नेल्याचं कळलं तशी मी चाळीसगावहून धावत गेले. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला होता. तिथल्या डॉक्टरबाईंनीही तोच प्रश्न विचारला आणि मामांनी माझ्यादेखत तेच उत्तर दिलं.

"आणि माझी आई?" मी विचारलं.

मामांनी काही लपवलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"बेबा तं तुमना घरनी व्हती ना, ज्योत्स्ना," ते म्हणाले. "तिले तठे व्हयनं."

"आणि तुमची आत्या? तीही छातीच्या गाठीनंच गेली ना?"

"तीबी नंदुरबारले दियेल व्हती."

आमच्याकडे मुलगी दिली की दिली, मग तिचं दुखणंसुद्धा सासरचं. घर म्हणून मोजायचे ते पुरुष, आणि पुरुषांत मोजण्यासारखं काही नव्हतं, कारण मामांचे वडील तरुणपणीच साप चावून गेले होते. मला रडूही आलं आणि संतापही. भाऊबीजेला जिच्या आठवणीनं या माणसाच्या घशाखाली घास उतरत नसे, तिला यानं घरातून वगळलं कसं?

डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं. बायकांच्या छातीचा आणि पुरुषांच्या प्रोस्टेटचा कॅन्सर कधीकधी एकाच जनुकातल्या दोषातून येतो. तो दोष बापाकडून मुलीकडे जातो, आईकडून मुलाकडेही जातो.

"मंग ती जाळनी उन्हाळी?" मामांनी विचारलं.

"जाळाचा संबंध नाही, आबा. फार दिवस राहिलेल्या सुजेचा या आजारात हात असावा असा संशय आहे, पण ते अजून नक्की झालेलं नाही. तुमच्याकडे मात्र त्या सुजेमागे खरा आजार झाकला गेला. बहिणीचं कळलं असतं तर पहिल्या डॉक्टरांनी कदाचित लगेच पुढची तपासणी केली असती."

स्वतःचं सोडून मामांनी एवढंच विचारलं, "मंग मनी बेबानी पोरले?"

मामांच्या रक्तात तो दोष सापडला. नवलचं रक्त साफ निघालं. मग मामांनी माझ्यामागे धोशाच लावला, तूबी तपासी ले म्हणून. माझा निकाल आला तोवर मामा खाटेला खिळले होते. दोष माझ्यातही होता. आजार नाही, पण दरवर्षी तपासत राहावं लागेल, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. मुलगी मोठी झाली की तिचंही बघावं लागेल, म्हणाल्या.

मी मेहरूणला मामांच्या घरी गेले, ती माझ्या मुलीला, किरणला, सोबत घेऊनच. मामांचा आवाज अगदी खोल गेला होता.

"काय निंघनं तुनं?"

"माझं साफ आलं, मामा."

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी ते पदरानं पुसलं.

"बरं व्हयनं," ते म्हणाले. "नवलनं ऐकीसन बी माले इतलं बरं नई वाटनं. आते तुनी पोरनी बी काळजी नई ऱ्हायनी."

मी हो म्हटलं. किरण खाटेच्या पायथ्याशी बसून त्यांचे पाय चेपत होती, आणि तीही ते खरं मानून माझ्याकडे बघून हसली.