भाऊजींना घेऊन सिंगापूर सोडताना

प्रिय सायली आणि तेजस,

विमान उतरू लागलं तेव्हा खाली समुद्रात जहाजंच जहाजं दिसली. सगळी एकाच दिशेला तोंड करून उभी, एकही हलत नव्हतं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "बंदरात जागा व्हायची वाट बघतायत." मला उगाचच वाटलं, ती आमच्या विमानाकडे बघतायत.

तुम्ही ऑकलंडहून फोनवर विचारलंत, "आजी, सिंगापूरला मजा केलीस का?" मजा करायला गेले नव्हते. तेव्हा सांगितलं नाही, आता सगळं नीट क्रमाने लिहिते.

माझी थोरली बहीण कुसुमताई आणि तिचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, यांचा संसार इंग्लंडात झाला. दोघांचे पासपोर्ट ब्रिटिश. मुलगा निखिल सिंगापुरात इंजिनियर म्हणून गेला, तेव्हा म्हातारपणी दोघं त्याच्याकडे राहायला आली. निखिलला तिथे राहायची परवानगी नोकरीमुळे, आणि आईवडिलांना निखिलमुळे. कुसुमताई नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात वारली. पाठोपाठ निखिलच्या कंपनीने त्याला इंग्लंडला परत बोलावलं. तिथली नोकरी सुटली की राहायचा परवाना, म्हणजे पास, रद्द होतो, आणि पुढे थोड्याच दिवसांची मुदत मिळते. त्या मुदतीत भाऊजींना देश सोडायलाच हवा होता. मुदत ओलांडली तर तो गुन्हा ठरतो, वय बघत नाहीत.

आणि भाऊजी हलायला तयार नव्हते. "कुसुम हॉस्पिटलात आहे, तिला टाकून कुठं जाऊ?" एवढंच म्हणत. अंत्यविधी त्यांच्या डोळ्यांदेखत झाला होता. त्रिशरण, पंचशील त्यांनीच म्हटलं होतं. पण ते त्यांच्या मनात टिकत नव्हतं. रोज आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून एमआरटीने (तिथली शहरी रेल्वे) नोव्हेनाला जायचे, लॉबीत बसायचे आणि संध्याकाळी परत यायचे. म्हणून निखिलने मला बोलावून घेतलं.

एक गोष्ट आधीच सांगते. आपल्या घरात भूतप्रेत मानत नाहीत. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून ते शब्द उंबऱ्याबाहेरच राहिले. पुढचं वाचून भलते तर्क करू नका.

निखिलचं घर आंग मो किओला होतं. सरकारी वसाहतीतले उंच उंच ब्लॉक, सगळे एकसारखे, फक्त भिंतीवर मोठाले आकडे. ब्लॉकच्या तळमजल्यावर मोकळी जागा आणि पलीकडे खाण्याच्या टपऱ्या. टॅक्सीतून उतरून मी बॅग ओढत निघाले, तशी कॉफीच्या टपरीवरची बाई हात पुसत धावत आली.

"आंटी! लाँग टाइम नो सी! बेटर ऑलरेडी, आ?"

मी काही बोलायच्या आत तिने माझ्यासमोर कप ठेवला. कोपी-ओ कोसोंग (दूध नाही, साखर नाही, अशी काळी कॉफी). कुसुमताईला मधुमेह होता. ती रोज हीच घेत असणार. मी ताईपेक्षा दीड वर्षाने लहान. तोच बांधा, तेच कपाळ, तोच आवाज. लहानपणी आई पाठमोरी असली की तिला आवाजावरून कळायचं नाही कोण बोलतंय. मी त्या बाईला सांगायला हवं होतं. मी कॉफी प्यायले, कडू होती. उठताना ती म्हणाली, "हजबंड व्हेरी सॅड, यू नो. नाऊ ओके लाह."

लिफ्टमध्ये एक चिनी आजोबा होते. मला बघून त्यांनी मान झुकवली आणि न विचारता आमच्या मजल्याचं बटण दाबलं.

भाऊजींनी मात्र मला बरोबर ओळखलं. "जयभीम, शालू! आलीस? बरं झालं. ताईला भेटून घे, आज जरा बरी आहे."

घरातलं अर्धं सामान बांधून झालं होतं. मी कामाला लागले. तुमच्या आईबाबांसाठीही लिहून ठेवते: परदेशातलं बिऱ्हाड मोडताना फोन नंबर सगळ्यात शेवटी बंद करायचा, कारण बँकेचे कोड त्याच नंबरवर येतात. ब्रिटनमध्ये परत राहायला जाणाऱ्याने जुनं घर सोडल्याचा आणि पास रद्द झाल्याचा कागद जवळ ठेवायचा, कारण तिथे डॉक्टरकडे नाव नोंदवताना "कायमचे आलात कशावरून?" असं विचारू शकतात. औषधांच्या नावांचं डॉक्टरचं पत्र हातातल्या पिशवीत ठेवायचं. आणि माणूस गेलं तर त्याचा पासपोर्टही कळवून रद्द करून घ्यायचा. ताईचा निखिलने करून घेतला होता. तो कोपरा कापून परत आला होता. मी तो हातात घेतला तेव्हा माझंच बोट कुठेतरी कापल्यासारखं झालं.

भाऊजींच्या पासपोर्टचं नूतनीकरण अडलं होतं फोटोवर. एकात डोळे मिटलेले, एकात तोंड उघडं. निखिल वैतागला होता. "बाबा, सरळ बघा ना!"

"कुणाकडे बघू? तुझ्याकडे बघण्यासारखं काय आहे?"

मी निखिलच्या मागे जाऊन उभी राहिले. भाऊजींची नजर माझ्यावर स्थिर झाली, तोंड मिटलं, चेहरा शांत झाला. तो फोटो पास झाला. 

तो चिनी पंचांगातला सातवा महिना होता. चिनी लोक म्हणतात, या महिन्यात मेलेली माणसं घरी येतात. ब्लॉकखाली लोखंडी पिंपात कागद जाळत होते. निखिलबरोबर भाजी आणायला गेले तर एका दुकानात मेलेल्यांना जाळून पाठवायच्या वस्तू टांगलेल्या: कागदी शर्ट, कागदी फोन, कागदी चपला. आणि कागदी पासपोर्ट.

"बघ मावशी," निखिल म्हणाला, "याला फोटो लागत नाही, अपॉइंटमेंट लागत नाही. मेल्यावर सगळं सोपं."

"निखिल!"

"सॉरी. पण बाबा नाही आले तर मी काय करू, सांग ना. नोकरी सोडू? त्यांना उचलून विमानात घालू?" तो हसत बोलायला लागला होता, पण वाक्य संपेपर्यंत त्याचे डोळे भरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ऑफिसात होता. ताईचा फोन त्या कोडांसाठी चालू ठेवलेला होता आणि स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला असायचा. तो वाजला. कुरियरवाला असेल म्हणून मी उचलला. "हॅलो?"

"कुसुम?"

भाऊजींचा आवाज. कानातही आणि पलीकडच्या खोलीतूनही, क्षणभर मागेपुढे. ते भिंतीपलीकडे पलंगावर बसून बायकोला फोन करत होते. रोज करत असणार, आणि तो रोज नुसता वाजत असणार.

"कुसुम, बोल ना. कधी सोडतायत तुला?"

मुलांनो, मी आयुष्यभर कॉलेजच्या ऑफिसात काम केलं, खोट्या माहितीवर कधी सही केली नाही. त्या दुपारी माझ्या तोंडून शब्द आला, "उद्या."

भिंतीपलीकडे पलंग करकरल्याचा आवाज आला. मग त्यांनी हाक मारली, "शालू! अगं शालू, उद्या सोडतायत तिला!"

रात्री निखिलला सांगितलं.  तो म्हणाला, "मी तुला हे करायला सांगितलं नसतं, मावशी." आणि थोड्या वेळाने, "पण आता केलंच आहेस, तर उद्याचंही कर."

सकाळी मी ताईची करड्या काठाची साडी नेसून भाऊजींच्या आधीच निघाले. नोव्हेना म्हणजे नुसती हॉस्पिटलं आणि डॉक्टरांचे दवाखाने. एमआरटीतून वर येणाऱ्या निम्म्या लोकांच्या हातात रिपोर्टची पाकिटं. मी मागच्या दाराने आत गेले. ताई ज्या मजल्यावर होती तिथल्या बाकावर बसले. एक नर्स थांबली.

"आंटी, कोणाला भेटायला आलात?"

"भेटून झालं," मी म्हटलं.

ती माझ्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली आणि घाईने निघून गेली.

निखिलशी ठरलेल्या वेळी मी लिफ्टने खाली आले. भाऊजी लॉबीत उभे होते. त्यांनी पिशवीतून ताईच्या चपला काढल्या आणि वाकून माझ्या पायांपुढे ठेवल्या. मी पाय घातले. बरोबर बसल्या.

"सुकलीस गं," ते म्हणाले. मग इकडे तिकडे बघून, "शालू नाही आली?"

"घरी आहे."

घरी आल्यावर विचारलं, "शालू कुठाय?" मी म्हटलं, बाजारात गेलीय. जेवताना विचारलं, निखिल म्हणाला, झोपलीय. अशी मी त्या घरात सतत नुकतीच बाहेर पडलेली असायचे.

उत्तर मिळालं की ते फार खोदून विचारत नसत, पण पान वाढताना शालूचं, म्हणजे माझं, एक ताट वेगळं ठेवत. माझ्या हातचा चहा प्यायले की चिडवत, "पाणचट झालाय. हॉस्पिटलनं बिघडवलं तुला." मी आलं जास्त घालायला शिकले. एकदा मी रेडिओबरोबर गुणगुणत होते तर म्हणाले, "हे तर शालू म्हणते. तू कधीपासून?" मी थांबले.

आणि आता ते निघायला राजी होते. "कुसुम येतेय ना, मग चला."

निघण्याआधी निखिलने आम्हाला ईस्ट कोस्टला नेलं. समुद्राकाठची लांबलचक बाग, सायकली, शेगडीवर भाजलेल्या साताईचा (काडीला टोचलेल्या मांसाच्या तुकड्यांचा) वास. भाऊजी माझ्या पिशवीचा बंद धरून मागून चालत होते, जसे ताईच्या मागून चालायचे. समोर तीच जहाजं उभी होती, तशीच, एका दिशेला तोंड करून. कुसुमताईची राख निखिलने याच समुद्रात सोडली होती. आणि तिचा नवरा मला म्हणत होता, "पाण्याकडे फार बघू नकोस, चक्कर येईल."

चांगी विमानतळावर ते अचानक थांबले. "तुझा पासपोर्ट घेतलास का? दाखव."

माझा निळा भारतीय पासपोर्ट त्यांना दाखवणं शक्य नव्हतं. मी फाइलीतून ताईचा काढला, कापलेल्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून. त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. "ठीक. सांभाळून ठेव." पुढे यंत्राने माझा चेहरा तपासून दार उघडलं. यंत्राच्या लेखी मी अजून शालिनीच होते. खरं सांगते, बरं वाटलं.

माझ्याकडे ब्रिटनचा व्हिसा आधीचा होता, म्हणून मी सोबत जाऊ शकले. पण एका गोष्टीचा विचार माझ्यासारख्या काटेकोर बाईनेही केला नव्हता. लंडनला उतरल्यावर ब्रिटिश पासपोर्टवाल्यांची रांग वेगळी आणि आपली वेगळी. भाऊजींची चाकांची खुर्ची ढकलणारा माणूस त्यांना त्यांच्या रांगेकडे घेऊन वळला. मी उलटीकडे वळले आणि मागून ओरडणं ऐकू आलं.

"कुसुम! तिकडं काहून? आपली रांग ही!"

लोक बघायला लागले. ते खुर्चीतून उठू पाहत होते. निखिल त्यांचे खांदे धरून माझ्याकडे बघत होता. मी परत जाऊन त्यांच्याजवळ वाकले आणि जे पहिलं सुचलं ते बोलले.

"अहो, शालू त्या रांगेत आहे. तिचा पासपोर्ट भारताचा ना! तिला घेऊन येते. तुम्ही व्हा पुढे."

ते लगेच शांत झाले. "हो हो. तिला एकटीला गोंधळायला होईल. जा."

माझी रांग फार लांब होती. अधिकारी बाईने माझं नाव वाचून विचारलं, "हे तुम्हीच ना?" मी हो म्हटलं, तर माझाच आवाज मला अनोळखी वाटला. बाहेर आले तेव्हा भाऊजी खुर्चीत पुढे झुकून दाराकडे बघत बसले होते. मला बघून हसले, आणि माझ्यामागे बघू लागले.

"शालू?"

माझ्यामागचं दार उघडत होतं, बंद होत होतं. त्यातून एक मूल आलं, एक बाई आली, मग कोणीच नाही.

"पुढच्या विमानाने येतेय," निखिल म्हणाला.

लेस्टरला निखिलने घेतलेलं घर छोटं पण उबदार आहे. डॉक्टरकडे नाव लागलं, कागद सगळे चालले. दिवसा सोबतीला एक गुजराती बाई येते. भाऊजी खातात, झोपतात. मात्र मागच्या खोलीत त्यांनी स्वतः एक पलंग लावून घेतला, शालूसाठी. रोज संध्याकाळी त्या खोलीतला दिवा लावतात. तिच्यावाचून त्यांचा जीव थाऱ्यावर नाही. "आपणच तिला तिथं विसरून आलो, कुसुम. आपल्यासाठी आली होती बिचारी."

माझी परतायची वेळ झाली तेव्हा मी घाबरले होते. बायको पुन्हा निघाली तर यांचं काय होईल? पण मी बॅग भरताना तेच दारात आले आणि म्हणाले, "शालूला आणायला चाललीस ना? जा. मी आहे इथं. तिला घेतल्याशिवाय येऊ नकोस."

असं मला त्यांनीच जाऊ दिलं.

नागपूरला येऊन महिना झाला. घर तेच, जास्वंद तीच, शेजारच्या काकू हाक मारतात तीही माझ्याच नावाने. तरी कोणी "शालूताई" म्हटलं की मी आधी मागे बघते. चहात आलं जास्त पडतं. माझ्या आयुष्यातले सगळे कागद खरे आहेत, ते या कपाटात नीट लावलेले आहेत, आणि त्यातला एकही मला आता उपयोगी नाही. मी जे केलं त्याने एक माणूस देशातून सुखरूप बाहेर आला. ते चूक होतं असं मला अजून म्हणता येत नाही.

निखिल दर रविवारी फोन लावून देतो. भाऊजी बाकी काही बोलत नाहीत. खिडकी उघडी आहे का, जेवलीस का, एवढं विचारतात, आणि मग आवाज खाली आणून विचारतात,

"सापडली का गं?"

"शोधतेय," मी म्हणते.

तुमची,
आजी