उताराचं शेत

बायको तापानं गेली, त्या वर्षी मी ठाण्याच्या शाळेतली मास्तरकी सोडली आणि कल्याणजवळच्या आमच्या डोंगरउताराच्या शेतावर जाऊन राहिलो. मूलबाळ नव्हतं. वडिलांच्या मागे ते शेत कुणी नीट कसलं नव्हतं. दर पावसात माती वाहून जाई, खालचा कातळ उघडा पडे. उन्हाळाभर दगड वाहून मी तीन बांध घातले, दोरी धरून, अगदी सरळ. कित्येक दिवस असे गेले की बैलांना हाकारण्यापलीकडे तोंडातून शब्द निघाला नाही.

आषाढात एका दुपारी तिन्ही बांध एकामागून एक फुटले. सगळा राडा खालच्या म्हाताऱ्या आगऱ्याच्या भातावर जाऊन बसला. नुकतीच लावणी झाली होती. मी धावत खाली गेलो.

"माझ्यामुळे झालं हे," मी म्हणालो.

तो गाडलेल्या रोपांकडे बघत राहिला आणि घरी निघून गेला. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या शेतातला चिखल टोपलीनं उपसू लागलो. रोपं बोटांनी मोकळी करी. चौथ्या दिवशी तोही टोपली घेऊन आला. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी चिखल उपसला. मग तो म्हणाला, "मास्तर, बांध सरल घातला, तितंच चुकला. पानी सखल जागी जमला न् बांध फोरला. डोंगर वलतो तसा बांध वलवा."

"पण ते वळण कळायचं कसं?"

"पानीच सांगल."

पावसाळा सरल्यावर त्यानं माझ्या शेतात कुदळीनं चर ओढला आणि त्यात घागर ओतली. पाणी धावलं की चराची रेघ बदलायची; ते जागच्या जागी उभं राहिलं की तिथं बांध. जास्तीचं पाणी जायला त्यानं प्रत्येक बांधाच्या टोकाला दगडी वाट ठेवायला लावली.

पुढच्या पावसात एकही बांध हलला नाही. मार्गशीर्षातसुद्धा माती मुठीत ओली लागत होती. मी वाल पेरले. शेंगा लागल्या तेव्हा टोपलीभर त्याच्या घरी नेल्या.

"आमाला कशाला? तुमच्या घरी न्या की."

"घरी सोलायला कोण आहे?"

त्यानं सुनेला हाक मारली आणि मला ओटीवर बसवून घेतलं. सून शेंगा सोलू लागली, नातवंडं दाणे पळवू लागली. जेवून जा, असा तिनं आग्रह केला. मी दिवस मावळायच्या आत उठलो. घरी दिवा लावायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.