बूच काठाकडं सरकलं की

समुद्राचं पाणी पाठीमागून भरतं, हे मला ठाऊक होतं. मला ते सांगितलेलं होतं. एवढी गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. आईजवळ नाही, मित्राजवळ नाही. जिनं सांगितलं होतं तिच्याजवळ तर नाहीच, कारण तिला ती माहीतच आहे.

आमचं गाव कशेळ्याच्या अलीकडं, पेज नदीच्या काठी. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. त्या वर्षी वैशाखात माझं लग्न झालं आणि बायको आली ती थेट समुद्रकाठची, अलिबागच्या बाजूची. नव्या नवराबायकोनं घरात चारचौघांदेखत बोलायची आमच्याकडं रीत नव्हती. बोलणं व्हायचं ते नदीवर. ती धुणं घेऊन यायची, मी बैलांना पाणी दाखवायचं निमित्त काढायचो.

पाऊस ओसरल्यावर एकदा मी डोहाच्या कातळावर गळ टाकून बसलो होतो. दोरी, गळ आणि गांडूळ, एवढाच सरंजाम. दोरी बोटाला गुंडाळून अंदाजानं हिसके देत होतो. पलीकडं धुणं आपटल्याचा आवाज येत होता. तो मध्येच थांबला.

"मासं धरताय का तळ खरवडताय?"

"तुमच्याकडं कसं धरतात मग?"

"बूच नाय का लावत? आंधळ्यावानी काय ते बसायचं!"

दुसऱ्या दिवशी धुण्याच्या पाटीत तळाला तिनं पांगाऱ्याचा वाळका तुकडा आणला. हे लाकूड इतकं हलकं की हातात असल्याचं कळू नये. विळ्यानं तासून मोठ्या मिरचीएवढं बूच केलं, तापल्या दाभणानं भोक पाडलं. पाण्यावर ते दिसावं म्हणून कपाळाला लावायच्या मेणात कुंकू कालवून त्याचं एक टोक माखलं. खाली शिशाचा तुकडा, म्हणजे बूच उभं राहतं. गळ तळापासून वीतभर वर लोंबता हवा, नाहीतर कातळात अडकलाच. गळ पाण्यात सोडला, आणि थोड्या वेळानं बूच डुलायला लागलं.

मी हिसका दिला. गळ रिकामा आला.

"वास घेत होता तो अजून! डुललं की गप बसायचं. बुडलं की मगच वढायचं. तुमी त्याच्या तोंडचा घास काढलात, आन् आपलाबी."

हे सगळं तिला तिच्या बाबांनी शिकवलं होतं. भाऊ उशिरा झाला, त्यामुळं लहानपणापासून खडपावर, म्हणजे समुद्रातल्या त्या काळ्या खडकांवर, बाबांच्या मागं गळाची काठी धरून तीच उभी असायची. त्याबद्दल बोलताना तिचा चेहरा निराळा व्हायचा. आमचा पहिला मासा बोटभर होता. आम्ही तो परत सोडला आणि उगाच किती वेळ हसत बसलो.

दिवाळसणाला सासुरवाडीला गेलो. कर्जतहून खोपोलीपर्यंत आगगाडी, पुढं खालापूरवरून पेणला कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार, चढ आला की सगळ्यांनी उतरून ढकलायची; मग होडी. जावई म्हणून पाट, अत्तर, सगळं झालं. पण धाकटा मेव्हणा वात्रट.

"दाजी, तुमच्या नदीत मासं असतात का नुसतं बेडूक?"

"असतात की."

"मग येकादा धरून दावा आमच्या खडपावर. नायतर ताईला घिऊन जा संगं, ती धरील, तुमी पाटी धरा!"

सगळे हसले. सासरेही हसले. मला ते लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर निजलेलं असताना मी काठी घेतली. मागल्या दारी ती भांडी घाशीत होती. तिनं उठून सोललेली कोलंबी पानात बांधून दिली आणि हळूच म्हणाली, "आता ओहोटी हाय. बूच भायेर भायेर जाईल. ते काठाकडं सरकाय लागलं की काठी गुंडाळायची आन् निघायचं. तुमच्या पाठची घळ आधी भरती. पुढं बघत बसू नका."

मी मान हलवली. मनात म्हटलं, पाणी मागून कसं येईल? आमच्या पेजेत वीजघराचं पाणी सुटलं की डोह चढतो, पण ते वरून येताना दिसतं. पाणी म्हणजे वरून येणारी वस्तू, हे माझ्या हाडात होतं.

काठ आणि खडप यांच्यामधली कोरडी घळ ओलांडून खडपाच्या टोकावर उभा राहिलो. बूच बाहेर जात होतं. मग थांबलं. मग काठाकडं सरकायला लागलं. हे मी पाहिलं. तिचे शब्दही जसेच्या तसे आठवले. पण त्याच वेळी ते डुलायला लागलं होतं. गप बसलो, बुडल्यावर ओढलं, आणि हातभर तांब वर आली. लालसर, फडफडणारी. मला वाटलं, अजून एक. मेव्हण्याला दोन दाखवू. दुसरीची वाट बघण्यात बराच वेळ गेला.

मागं वळलो तेव्हा घळीत छातीभर पाणी होतं आणि लाटेसरशी ते डोक्यावर जात होतं. मला डोहात पोहता येत होतं. त्या पाण्यात पाय घालायची हिंमत झाली नाही. मी ओरडलो. ते ऐकून सासरे आणि मेव्हणा आधी पोचले. सासरे कमरेला दोर बांधून घळीत उतरले, दोराचं दुसरं टोक मेव्हण्याच्या हातात. त्यांनी मला खांद्याशी धरून आणलं. काठावर आल्यावर पाहिलं, तर खडकावरच्या कालवांच्या शिंपांनी त्यांचा पाय टाचेपासून पोटरीपर्यंत फाटला होता.

तोवर घरातली बाकीची सगळी धावत आली होती. सासऱ्यांनी दम घेत मला विचारलं, "पानी मागून भरतं, हिनं सांगितलं नाय तुमाला?"

ती समोरच उभी होती. मी म्हणालो, "नाही."

तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग म्हणाली, "ऱ्हायलं सांगायचं, बाबा."

"तू इसरलीस? तू?" एवढंच ते बोलले.

ती तांब रात्री माझ्याच ताटात वाढली. वाढली तिनंच. "काटं बघून खा," म्हणाली.

सासऱ्यांचा पाय चिघळला, बरा झाला, पण लंगडा राहिला. ते पुन्हा खडपाच्या टोकावर गेले नाहीत. वाईट याचं वाटतं की त्यांनी तिला कधी बोल लावला नाही. फक्त माहेरी गेल्यावर तिच्या हातात काठी देणं बंद केलं. घरी आल्यावर मी एकदा म्हटलं, "येतेस का डोहावर?"

"आता तुमचं तुमाला येतंय की," ती म्हणाली, आणि धुणं पिळत राहिली.

सासरे गेले. लेक विसरली, हेच मनात धरून गेले. मेव्हणा अजून दिवाळीत येतो. जेवताना ती गोष्ट निघतेच. "ताईच्या इसराळूपणानं बाबांचा पाय गेला," असं तो हसत म्हणतो. तीही हसते आणि भात आणायला आत जाते. इतक्या वर्षांत तिनं मला त्याबद्दल एक शब्द विचारलेला नाही.

तिच्या देखत, तिच्या भावाला मला सांगायचं आहे की तिनं सांगितलं होतं आणि मी खोटं बोललो. ते मी अजून सांगितलेलं नाही.