दीड दिवसाचा गणपती

मुलीची निवड झाल्याचं कळलं तेव्हा वडील, ती आणि मी धायरीच्या घरी जेवायला बसलो होतो. एक सेमिस्टर जर्मनीत, एक्स्चेंज स्टुडंट म्हणून. पंचवीसेक वर्षांपूर्वी मीही असाच गेलो होतो. वडिलांनी हातातला घास ताटात ठेवला आणि नातीला म्हणाले, "मग त्या बाईंकडे जाऊन ये. त्या आता नसतील, पण घर असेल, मुलंबाळं असतील. तिथं आपली गोष्ट माहिती आहे."

तिथं कुणालाच आपली गोष्ट माहिती नव्हती, आणि हे फक्त मला ठाऊक होतं.

ती गोष्ट टोपलीची. माझ्या आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि गावी परतल्यावर घरातले सगळे देव एका टोपलीत भरून मांजरी गावाजवळ नदीत सोडले. बरोबर वडील होते, अगदी लहान. टोपली त्यांच्याकडे होती. पुढे वडील शिकले, पाटबंधारे खात्यात लागले, धायरीला घर बांधलं. पण दर बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटून झाली की कुणीतरी म्हणायचंच, "दादा, टोपलीचं सांगा." आणि वडील सांगायचे. मी मागे चपलांजवळ बसून ऐकायचो. मी स्वतः ती कधीच कुणाला सांगितली नव्हती.

मी जर्मनीला निघालो तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या वस्तीतून विमानात बसणारा मी पहिलाच. वडिलांनी वीतभर उंचीची पितळी बुद्धमूर्ती आणली आणि माझ्या स्वेटरच्या बाहीत गुंडाळून बॅगेत ठेवली. "कुणी घरी बोलावलं तर रिकाम्या हातानं जाऊ नकोस. ही दे. आणि ही आपल्या घरात कशी आली, ते सांग."

तिथल्या विद्यापीठानं प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याला गावातलं एक कुटुंब जोडून दिलं होतं. रविवारी त्यांच्याकडे कॉफीला जायचं. पुण्याहून आम्ही दोघं होतो, म्हणून दोघांना मिळून एक निवृत्त शाळामास्तरीणबाई मिळाल्या. दुसरा मुलगा पेठेतला. मुलगा चांगला होता. मला ताप आला तेव्हा त्यानं आपलं मेतकूट काढून भात कालवून दिला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं मी त्याच्या माथी मारू शकलो असतो. बरीच वर्षं मनातल्या मनात मारलंही.

पहिल्यांदा बाईंकडे निघालो तेव्हा इकडे गणपती बसले होते. ट्राममध्ये त्यानं सहज विचारलं, "काय रे, तुमच्याकडे दीड दिवसाचा की पाच?"

पुण्यात हा प्रश्न गणपतीचा असतो आणि नसतोही. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही. मग माणसं अशी वळणं घेऊन विचारतात. त्यानं तसं विचारलं होतं की खरंच घरच्या आठवणीनं, ते मला आजही सांगता येणार नाही. मूर्तीची पिशवी माझ्या मांडीवर होती. "आमच्याकडे बसत नाही," एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "दीड."

"अरे वा, आमचाही! म्हणजे उद्या दुपारी दोघंही सुटलो. नाहीतर तुझ्या आवाजात आरत्या ऐकाव्या लागल्या असत्या."

मी हसलो. चांगलं मोकळं हसलो, हे आठवतं.

बाईंच्या खिडकीत, कुंड्यांच्या मध्ये, बुद्धाचं एक सिमेंटचं शीर होतं. झाडांच्या दुकानातून आणलेलं. त्यांनी उत्साहानं विचारलं, "हे तुमच्याकडचेच ना? तुम्ही मानता यांना?"

"आम्ही हिंदू आहोत," मित्र म्हणाला. "बुद्ध आमच्याकडचेच, पण आता तिकडे त्यांना मानणारे फार कुणी नाहीत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली आणि केकचा आणखी एक तुकडा मागून घेतला. पिशवी तशीच परत आणली.

निघायच्या आठवड्यात मी एकटाच त्यांच्याकडे गेलो. मूर्ती दिली. म्हणालो, "पुण्याची आठवण."

"किती सुंदर! कुठे मिळतात अशा?"

"बाजारात," मी म्हणालो. त्यांनी ती सिमेंटच्या शिराशेजारी ठेवली. दोन कुंड्यांमध्ये जागा होतीच.

परतलो तेव्हा घर भरलेलं होतं. विहारातली मंडळी आली होती, आई चहाचे कप फिरवत होती. वडिलांनी सगळ्यांसमोर विचारलं, "दिलीस? काय सांगितलंस देताना?"

"सगळं सांगितलं."

"टोपलीचंही?"

"हो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं," मी म्हणालो. हे पाणी मला कुणी विचारलं नव्हतं. मी आपण होऊन घातलं.

त्यानंतर विहारातल्या गोष्टीचा शेवट बदलला. टोपली नदीवरून निघून जर्मनीत पोचू लागली. लोक टाळ्या वाजवायचे आणि मागे वळून माझ्याकडे बघायचे. मी हिंजवडीत नोकरीला लागलो, चढलो. कंपनीत दर वर्षी कुणीतरी विचारायचं आणि मी "दीड" म्हणायचो. एकदा बसवलेला तो गणपती मी वीस वर्षं उठवलाच नाही.

आणि आता मुलगी विचारत होती, "आजोबा, त्या घरी गेल्यावर मी काय म्हणू? आपली ओळख कशी देऊ?"

ती तिथं जाऊन बेल वाजवणार, कुणीतरी दार उघडणार आणि तिच्याकडे नुसतं बघत राहणार. तो चेहरा मला दिसला.

"दादा," मी म्हणालो, "मी त्या बाईंना काही सांगितलं नव्हतं." मग ट्रामपासून सगळं सांगितलं. केकचंसुद्धा. बोलताना मी वाटीतल्या आमटीकडे बघत होतो.

 वडिलांचा हात ताटात वाळून गेला. शेवटी म्हणाले, "दीड सांगितलंस?"

"हो."

"पाच तरी सांगायचास. खोटाच बसवायचा तर कंजूषपणा कशाला?"

मुलीला हसू फुटलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला. वडील हसले नाहीत. "मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो," ते म्हणाले. "त्यातले निम्मे आता गेले. त्यांना कोण सांगणार?"

 

ते उठले, हात धुऊन आले आणि खुर्चीत बसले. "हिला सांग."

"काय?"

"टोपलीचं. तू सांग. मी ऐकतो."

मी पन्नाशीला आलेला माणूस, खरकट्या हातानं, पोटच्या मुलीसमोर अडखळत सांगू लागलो. माझे आजोबा गावी परतले, देव काढले, टोपली भरली, तुझे आजोबा टोपली हातात घेऊन मागे चालत होते.

"हातात नाही," वडील म्हणाले. "डोक्यावर. जड होती. पुढे सांग."