रशीदभाईंच्या भोंग्यांबरोबर पंधरा वर्षं

साउंडवाला कुठल्याही कार्यक्रमाला सगळ्यांच्या आधी पोचतो आणि सगळ्यांच्या नंतर निघतो. मधल्या वेळात त्याच्याकडे कोणी बघत नाही. आवाज नीट असेल तर तो कोणाला दिसतच नाही, आणि बिघडला तर अख्खा मांडव मान वळवून त्याच्याकडे बघतो. असं कोपऱ्यात बसून बसून किस्से साचतात. लोकांना वाटतं, यांच्याकडे लग्नांच्या, वरातींच्या गमतीजमती असतील. त्या आहेतच. पण चहाला बसलो की आमच्या तोंडी येतात ते हे असले.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलचा, मनोहर. आयटीआय करून वायरमन झालो आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रशीदभाईंच्या दुकानात लागलो. त्यांचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. रशीदभाईंनी भोंगे घेतले, अ‍ॅम्प्लिफायर घेतले, एक जुनी मेटाडोर घेतली आणि चंद्रपूर-गडचिरोलीची गावं फिरायला लागले. तिसरे आमचे सोमाभाऊ, आलापल्लीकडचे गोंड. भोंगा पाठीला बांधून ते मोहाच्या झाडावर असे चढायचे, जशी आपण ओट्याची पायरी चढतो. वर ते बांधणार, खाली मी वायर ओढणार, आणि मशीनवर रशीदभाई. बस, एवढीच आमची कंपनी.

*

सिंदेवाहीच्या अलीकडच्या एका गावात सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन होतं. त्या गावात पहिल्यांदाच बाई सरपंच झाली होती. शेवंताबाई. तोवर त्या कधी चार माणसांत उभ्या राहून बोलल्या नव्हत्या. शाळेच्या मास्तरांनी भाषण लिहून दिलं होतं आणि त्यांनी ते पाठ केलं होतं.

मैदानात सकाळीच सडा टाकलेला, जमीन ओली. झेंड्यासमोर जायचं म्हणून बाईंनी चपला काढून ठेवल्या आणि माईक हातात धरला. पहिल्याच शब्दाला त्यांचा हात थरथरायला लागला. आवाज कापत होता, डोळ्यांत पाणी आलं होतं. लोक म्हणाले, पहिलीच वेळ आहे, घाबरली बिचारी. मागच्या बाकावरचे दोघं-तिघं हसलेही. पण बाई थांबल्या नाहीत. दहा मिनिटं बोलल्या, एक शब्द गाळला नाही.

भाषण झाल्यावर त्या सरळ आमच्या टेबलाशी आल्या आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं मला म्हणाल्या, "भाऊ, सगळ्यायलेच एवढा करंट लागते का जी? का नवीन मानसाले जास्त लागते?"

मी अर्थिंगची वायर टाकायची विसरलो होतो. माझ्या पायात रबरी चप्पल, त्यामुळे माईक तपासताना मला काही जाणवलं नव्हतं. मी कबूल केलं, हात जोडले. बाई रागावल्या नाहीत. पण रशीदभाईंनी पुढचे दोन महिने मला प्रत्येक गावात अनवाणी उभं करून माईक तपासायला लावला. 

*

एटापल्लीच्या बाजूला एका पुढाऱ्याची प्रचारसभा होती. सभेच्या मैदानातून बैलगाड्यांची वाट जायची. गाडीच्या लोखंडी धावेखाली वायर आली की तुटलीच म्हणून समजा. म्हणून मी आदल्या दिवशी वीतभर खोल चर खणला, वायर टाकली, माती ओढली आणि वर पालापाचोळा पसरला. काम इतकं साफ झालं की माझं मलाच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिस बंदोबस्त आला. त्यांच्यातल्या एकाला ताजी माती दिसली. त्या भागात रस्त्याखाली ताजी माती आणि तिच्यातून बाहेर आलेलं वायरचं टोक म्हणजे सुरुंग, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला मात्र वायर पुरताना ते एकदाही सुचलं नव्हतं. मिनिटभरात मैदान रिकामं झालं. मी धावत गेलो, म्हणालो, साहेब, ती माझी स्पीकरची वायर आहे.

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ते म्हणाले, "तुझीच आहे ना? मग तूच काढ."

सगळे शंभर पावलं मागे जाऊन झाडांआड उभे राहिले. मी एकटा मैदानाच्या मधोमध उकिडवा बसून हातानं माती उकरत होतो. वायर माझीच होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी पहिल्या दहा फुटांनंतर मनात आलं, की रात्रभर हे मैदान उघडंच होतं. माझ्या वायरच्या शेजारी दुसऱ्या कोणी दुसरी वायर पुरली असेल तर? त्यानंतरची दीडशे फूट वायर मी कशी काढली ते मला आजही नीट सांगता येत नाही. बोटांची नखं फाटली होती.

शेवटचं टोक बाहेर आलं तसं कोणीतरी माझ्या बाजूला येऊन बसलं. सोमाभाऊ होते. मी वळून पाहिलं तर ते सुरुवातीपासून माझ्या मागेच होते, काढलेल्या वायरची गुंडाळी करत. मी विचारलं, तुम्ही का आलात? तर म्हणाले, "वायर मातीनं भरते ना बावा. पुसाले कोनी पायजे."

*

मोहफुलांचे दिवस होते. मूलच्या जवळच्या गावांमध्ये वाघानं दोन माणसं मारली होती. जंगल खात्याचा देवाजी म्हणून एक गार्ड होता. तो आमच्या दुकानात आला आणि त्यानं स्वतःच्या आवाजात कॅसेट भरली. एकट्यानं जंगलात जाऊ नका, वाकून मोह वेचू नका, वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो, असं सगळं. आवाज खणखणीत होता. ऑटोवर भोंगा बांधून मी ती कॅसेट गावोगाव वाजवत फिरायचो.

चौथ्या दिवशी सकाळी बातमी आली. गस्तीवर असताना वाघानं देवाजीलाच नेलं होतं.

नवीन कॅसेट भरेपर्यंत तीच वाजवा, असं वरून सांगण्यात आलं. गावांना सावध करणं तर भागच होतं. रशीदभाई मला म्हणाले, देवाजीच्या गावात मात्र ती लावू नको, तिथं तू स्वतः बोल. म्हणून त्याच्या गावच्या वेशीवर मी टेप बंद केला आणि माईक घेतला. दोन गल्ल्या गेल्यावर एक बाई ऑटोसमोर येऊन उभी राहिली. देवाजीची बायको होती. तिनं विचारलं, "काऊन बंद केलं जी?"

मी ऑटो उभा केला. ती म्हणाली, लावा. मी लावलं. ऑटोचा दांडा धरून तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ऐकलं. आजूबाजूच्या बायाही दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, पण कोणी रडलं नाही. कॅसेट संपल्यावर मी ती काढली आणि तिच्यापुढे धरली. तिनं हात मागे घेतला.

"मी ठेवून काय करू? फिरवा तुमी," ती म्हणाली. "कोनाचा तरी मानूस वापस येईन."

नवीन कॅसेट आल्यावरही आम्ही त्या हंगामात तीच वाजवली. आम्हाला कोणी विचारलं नाही.

*

पुढे दिवस बदलले. कोरपन्याकडे एका सिमेंट फॅक्टरीचा मोठा कार्यक्रम ठरला आणि साउंड नागपूरहून आला. आमच्याकडे फक्त वर चढायचं आणि वायरी बांधायचं काम होतं. तसला साउंड आम्ही तोवर पाहिला नव्हता. भोंगे नाहीत, झाडं नाहीत. लोखंडी सांगाड्याला दोन्ही बाजूंनी दहा-दहा काळे डबे टांगलेले, एकाखाली एक पिनांनी जोडलेले, केळीच्या घडासारखे खाली वाकत गेलेले. विजेवर चालणाऱ्या साखळीनं अख्खा घड वर चढायचा. स्टेजपासून डब्यांपर्यंत आवाज न्यायला एक बारीक निळी वायर. प्रत्येक डब्याला स्वतःचा नंबर, आणि त्यांचा इंजिनिअर खाली लॅपटॉपवर बसून कुठल्याही डब्याशी बोलू शकायचा. डबा ठीक असला की पडद्यावर हिरवा ठिपका. मी आयुष्यभर मनगटाएवढे तांब्याचे जुडगे ओढले होते. ती निळी वायर मी दोन बोटांत धरून कितीतरी वेळ पाहत राहिलो.

इंजिनिअर पंचविशीचा, नीलेश नावाचा, वागायला चांगला. सोमाभाऊंना काका म्हणायचा, त्यांना स्वतःच्या हातानं सुरक्षेचा पट्टा बांधून दिला. घड वर गेल्यावर सोमाभाऊ सांगाड्यावर चढले आणि वरून म्हणाले, चौथ्या डब्याची पिन अर्धी बाहेर आली आहे. नीलेशनं लॅपटॉप पाहिला. सगळे ठिपके हिरवे. तो म्हणाला, काका, इथे सगळं ओके दिसतंय. सोमाभाऊ म्हणाले, "तुले तिथी दिसते. मले इथी दिसून राह्यलं."

घड खाली घेऊन पिन बसवायला अर्धा तास लागला असता. पाहुण्यांच्या गाड्या फाटकातून आत येत होत्या. फॅक्टरीचा माणूस येऊन म्हणाला, आता काही खाली घ्यायचं नाही. खाली खुर्च्यांवर कामगारांच्या बायका येऊन बसायला लागल्या होत्या, नेमक्या त्या घडाखाली. सोमाभाऊंनी एकदा खाली पाहिलं. मग सांगाड्यावर आडवे झाले, हात घातला आणि पिन आत ढकलली. पिन बसली. त्याच वेळी वाऱ्याची झुळूक आली, डबे हलले, आणि दोन डब्यांमधली फट त्यांच्या बोटांवर मिटली.

ते ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, मनोहर, खाली घ्यायला सांग.

घड खाली घ्यावाच लागला. अर्धा तासच लागला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. कार्यक्रम थोडा उशिरा झाला, आणि रशीदभाई सांगतात, आवाज काचेसारखा स्वच्छ होता.

नीलेशनं स्वतःच्या गाडीतून सोमाभाऊंना चंद्रपूरला नेलं. मी मागे बसून त्यांचा हात वर धरून होतो. दुपट्टा रक्तानं भिजला होता. नीलेश गाडी चालवता चालवता रडत होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, काका, मला सगळं हिरवंच दिसत होतं.

सोमाभाऊंनी डोळे मिटले होते. ते म्हणाले, "मीबी हिरवाच दिसलो असन, बावा. तू गाडी पाहून चालव."

*

आता एक किस्सा त्याच्या बराच आधीचा. हा आम्ही तिघांनी कधी चहाला बसून सांगितलेला नाही.

पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी आम्ही भामरागडला गेलो होतो. कार्यक्रम झाला, पाऊस लागला आणि दुसऱ्या दिवशी नदीवरचा पूल पाण्याखाली गेला. रस्ता बंद, वीज बंद, आम्ही अडकलो. शाळेच्या एका खोलीत सामान ठेवलं आणि पाणी उतरायची वाट बघत बसलो.

गावात चैतू नावाचा एक माणूस होता. त्याची आई तापानं आजारी होती आणि तो तिच्यासाठी औषध आणायला आलापल्लीला गेला होता. तो परत आला तोवर पूल बुडालेला. पलीकडच्या काठावर उभा असलेला त्याचा लाल सदरा इकडून दिसायचा. माणूस दिसायचा, पण पाण्याचा आवाज एवढा होता की हाक पोचत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई गेली. गावातला म्हातारा पाटील आमच्याकडे आला आणि म्हणाला, त्याला सांगावं लागेल. रशीदभाईंनी मेटाडोरची बॅटरी काढली. सोमाभाऊंनी काठावरच्या झाडावर दोन भोंगे नदीकडे तोंड करून बांधले. मग माईक घेऊन त्यांनी गोंडीत चैतूला सांगितलं, हळूहळू, एकेक शब्द सुटा करून. पलीकडचा लाल सदरा खाली बसला.

पाणी वाढतच होतं. पावसात मयत किती ठेवणार? दुपारी पाटलांनी ठरवलं, माती आजच द्यायची. पण मुलाला निदान ऐकू तरी आलं पाहिजे, असं ते म्हणाले. माती द्यायची जागा भोंग्यांपासून लांब होती. आमच्याकडे होती नव्हती तेवढी वायर मी जोडली. जोडांवर लावायची चिकटपट्टी संपली तेव्हा सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून गुंडाळल्या. वायर बरोबर खड्ड्यापर्यंत पोचली. तेवढ्यातही मला बरं वाटलं होतं.

बायांचं रडणं, पाटलांचे शब्द, सगळं त्या भोंग्यांतून नदीपार जात होतं. सोमाभाऊ मधूनमधून सांगत होते, आता उचललं, आता खाली ठेवलं. मग त्यांनी माईकवरून विचारलं, चैतू, माती देऊ का?

आमच्या काठावर उभ्या असलेल्या एका माणसानं ओरडून सांगितलं, चैतूनं दोन्ही हात वर केले आहेत, जोरजोरात हलवतो आहे. पाटील म्हणाले, हो म्हणतो आहे. आणि पहिली मूठ त्यांनी टाकली.

चार दिवसांनी पाणी उतरलं. चैतू पूल ओलांडून आला. औषधाची पुडी प्लास्टिकमध्ये बांधलेली, तशीच हातात होती. आधी तो आईच्या जागेवर जाऊन आला, मग आमच्याकडे येऊन बसला. रशीदभाईंनी त्याला चहा दिला आणि विचारलं, आवाज येत होता का नीट?

"सगळा येत होता," चैतू म्हणाला.

त्यानं चहाचे दोन घोट घेतले. मग रशीदभाईंनी विचारलं, तू हात वर करून काहीतरी बोलतही होतास म्हणे, इकडे काही ऐकू आलं नाही.

चैतूनं चहाचा कप खाली ठेवला.

"थांबा म्हणून राह्यलो होतो," तो म्हणाला.