मशीनबाईंची मुदतवाढ

मोठ्या साहेबांनी मुदतवाढीचा विषय काढला आणि मशीनबाईंचा जीव अर्धा झाला. इस्पितळातून निवृत्त व्हायचं आणि धाकट्या बहिणीकडे जाऊन राहायचं, एवढंच त्यांना हवं होतं. आता पुन्हा वर्षभर हेच! अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं. पण दोष कुणाला देणार? हे लोढणं त्यांनीच गळ्यात बांधून घेतलं होतं.

तरुणपणी त्या संध्याकाळच्या वर्गात प्रोग्रॅमिंग शिकल्या. मशीन एक आणि शिकणारे ढीगभर. म्हणून प्रोग्रॅम आधी कागदावर लिहायचा आणि ओळीवर बोट ठेवून मनातल्या मनात चालवून बघायचा. त्यांचा पहिला प्रोग्रॅम इस्पितळातल्या रुग्णनोंदणीचा. टाइप करताना एक ओळ दोनदा पडली आणि मशीन प्रत्येकाचं वय दोनदा विचारू लागलं. खिडकीवरचे कारकून बिचारे मुकाट्याने दोनदा भरू लागले.

पुढे बाईंना चूक दिसली. कुणाला न सांगता त्यांनी ती गुपचूप काढून टाकली. झालं! कारकुनांची बोटं सवयीने वय दोनदाच भरत राहिली, आणि दुसरं वय पुढच्या रकान्यात, खाटेच्या क्रमांकात, जाऊन बसलं. साठीचे सगळे आजोबा साठ नंबरच्या खाटेवर! वॉर्डातल्या सिस्टरने अशी खरडपट्टी काढली, की बाईंनी चूक निमूटपणे परत घातली.

तेव्हापासून त्या प्रोग्रॅमला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. त्यातल्या खाचाखोचा एकट्या बाईंना ठाऊक. बहीण बाळंत झाली तेव्हाही त्या मशीनपुढेच बसून होत्या; मशीनबाई हे नाव पडलं ते उगाच नाही.

आता नवा प्रोग्रॅम लिहायला दोन मुली आल्या होत्या, आणि त्यांना जुना समजावून द्यायलाच ही मुदतवाढ. साहेबांसमोरच एकीने पडद्यावर जुन्या प्रोग्रॅमच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, इथे मशीनला मध्येच थांबायला का सांगितलंय?"

उत्तर बाईंच्या ओठांवर होतं. जुना प्रिंटर मागे पडायचा, म्हणून. पण एक ओळ सांगितली की दुसरी, मग तिसरी, मग अख्खं वर्ष.

"नाही गं आठवत," त्या म्हणाल्या.

"आणि हे खालचं?"

"तेही नाही. वय झालं आता."

मुलींनी साहेबांकडे पाहिलं. "असू दे," साहेब मऊ आवाजात म्हणाले, "आपण नव्याने लिहू. बाई, तुम्ही आता आराम करा."

बाई सुटल्या. बहिणीला कळवायला त्यांनी फोन काढला, पण नंबर लावावासा वाटेना. "नीट आठवून बघा," असं एकानेही म्हटलं नव्हतं, आणि ते त्यांना फार लागलं.