शैलाताईंनी सोमवार सांगितला होता

बोईसरलगतच्या एका गावात शैला राऊत चौदा वर्षं आरोग्य खात्याच्या आशाताईचं काम करत होती. कागदावर गाव पंचायतीचं, पण पत्र्याच्या खोल्यांमधून कारखान्यांचे हजारो कामगार राहायचे. मार्च संपता संपता उष्माघात टाळायचा सरकारी आराखडा दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून पालघरला आणि तिथून तिच्या हातात आला. वस्तीतल्या म्हाताऱ्या, आजारी माणसांची यादी करायची आणि दुपारी त्यांना पंखे, थंड पाणी असलेल्या हॉलमध्ये बसवायचं.

शैलाने बेचाळीस नावं काढली. त्यात ठकी होती. जव्हारकडून मुलाबरोबर आलेली, बीपीच्या गोळ्या शैलाच्याच हातून घेणारी.

"मावशी, सोमवारपासून हॉल उघडतोय. दुपारची घरात थांबू नकोस."

"तू बोलतेस ना? मंग येते."

हॉल औद्योगिक वसाहतीच्या जागेवर, बांधलेला जिल्ह्याच्या निधीतून, वीज पंचायतीची. शुक्रवारी शैला चावी मागायला गेली. ग्रामसेवक म्हणाले, "वसाहतीचं ना-हरकत पत्र येऊ दे." वसाहतीचे साहेब म्हणाले, "आम्हाला जिल्ह्याचं काहीच आलेलं नाही." तालुक्याहून फोनवर उत्तर मिळालं, "पत्र कधीच गेलंय. सोमवारी सुरू होईल." शैलाने तेच खरं धरलं.

सोमवारी तिला लसीकरणासाठी लांबच्या पाड्यावर पाठवलं. दुपारी तिथेच फोन आला. ठकी भर उन्हात हॉलपर्यंत चालत गेली होती. दाराला कुलूप. शैला येईल म्हणून ती पायरीवर बसून राहिली, आणि तिथेच कोसळली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तिचा मुलगा मिथुन कारखान्यातली पाळी सोडून आला. तो ओरडला नाही.

"ताई, आई धा उन्हाळे त्या पत्र्याखाली रायली. तुमी बोललात म्हनून भायेर पडली."

शैलाला रडू आलं नाही. रडायचा आपल्याला हक्कच नाही, असं तिला वाटलं.

चौथ्या दिवशी सगळी खाती एका टेबलाशी बसली. वीस मिनिटांत चावी मिळाली.

"एवढंच होतं?" शैलाने विचारलं.

हॉल उघडला, पण वस्तीतलं कुणी येईना. आता शैला रोज आधी स्वतः जाते. कुलूप निघालंय, पंखे फिरताहेत, पाणी भरलंय, हे डोळ्यांनी बघते आणि मगच बोलवायला दारोदार फिरते. मिथुनच्या खोलीवरून मात्र ती न थांबता पुढे जाते.